आई म्हणे, "काहीच काम न्हाई"

मंडळी, आज सकाळी घरात सगळे घाबरून गेल्ते. आईच्या उजव्या हाताला मुंग्या आल्त्या, बोटं बधिर. लकवा तर न्हाई ना, म्हणून जल्दी परतूरला नेलं.

डॉक्टरबाईंनी चेहरा, बोलणं, दोन्ही हात, मान, सगळं बराबर तपासलं. मंग विचारलं, "मावशी, काम काय करता?"

"काहीच न्हाई. घरीच असते."

मला राहवलं न्हाई. "दिवसभर कापूस वेचती! कापसाची झोळी गळ्यात अडकवून!"

बाई हसल्या. "लकवा नाही. त्या ओझ्यानं मानेची नस दबलेली दिसते. झोळी कमरेला बांधा, आठवड्यानं परत दाखवा."

येताना जीपमधी आई बोटं हलवत म्हणली, "कापूस वेचणं बी सांगायचं असतंय व्हय?"

तुमची आई डॉक्टरला काय सांगती?