बहिऱ्या मावशीचे कान

इस्त्रीवाली मावशी ठार बहिरी, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. म्हणून तिच्यासमोर कोणीही काहीही बोले. नवरा-बायको कपडे घेऊन येत आणि तिच्या टेबलाशीच भांडत. तिची सून भाजी चिरता चिरता तिच्या पाठीमागे म्हणे, "थेरडी काही लवकर खपत नाही." मी पदवी घेऊन घरी बसले होते. माझं ऐकून घ्यायला कोणी नव्हतं, म्हणून मी तिला सांगत असे. सगळं. ती कॉलर दाबत हसायची.

मंगळवारी दारात काठी टेकत एक म्हातारा आला. लढाईच्या काळात तो परक्यांच्या छावणीत दूध घालायचा, हे नंतर कळलं. मावशीची त्याच्याकडे पाठ होती. त्याने हाक मारली, "थोरले!"

मावशी वळली.

सुनेची सुरी थांबली. मी शर्ट हातात धरून तशीच उभी.

"चौकात दगड बसवतायत," तो म्हणाला. "लढाईत गेलेल्यांची नावं कोरणार. आपली धाकटी त्यात नाही. ती शत्रूची हेर होती म्हणतात. मी एकटा सांगून भागत नाही. तू बोल."

मावशीने इस्त्रीचं बटण बंद केलं. मग बोलली. हळू आवाजात. आमच्याशी ती कायम ओरडून बोलायची.

तिच्या जमातीची माणसं मूठभर. तिची आजी परक्यांच्या मुलखातून आलेली, म्हणून घरात त्यांचीच भाषा. इकडचे त्यांना परके म्हणत आणि तिकडचे चाकर. मावशी अधिकाऱ्याच्या बंगल्यात इस्त्रीला लागली ती बहिरेपणाचं सोंग घेऊनच. साहेब लोक तिच्यासमोर बेत ठरवत. ती धाकट्या बहिणीला सांगे, बहीण दूधवाल्याला, दूधवाला डोंगरात लपून लढणाऱ्या पोरांना.

"एक दिवस धाकटीला पकडलं. बंगल्याच्या अंगणातच गोळी घातली. मी आत कोट दाबत होते. साहेब माझ्याकडे बघत होता. दचकते का ते."

"मग?" मी विचारलं.

"कोट घडी करून दिला."

सून म्हणाली, "अहो, पण लढाई संपल्यावर तरी ऐकायचं!"

"तेव्हा इकडचेच लोक आमच्या माणसांना घरातून ओढून काढत होते. बहिरीला काय कळणार, म्हणून मला सोडलं. आणि पुढे... तिच्या गोळीला वळले नाही. मग कोणाच्या हाकेला वळू?"

मी तिला काय काय सांगितलं होतं, तेच आठवत राहिले. अशा वेळी हेच का आठवावं?

दुसऱ्या दिवशी आम्ही मावशीला घेऊन नगरपालिकेत गेलो. तिथला कारकून सरळ माणूस होता. "आजी, बहिऱ्या बाईने ऐकलेल्याची साक्ष कशी घेऊ? तुम्हाला ऐकू येतं हे सांगणारी दोन माणसं आणा."

आम्ही गल्लीत फिरलो. शिंपी म्हणाला, "छे छे, ठार बहिरी आहे." मास्तरीणबाई म्हणाल्या, "माझ्यासमोर तरी कधी ऐकलं नाही बाई." दोघंही तिची नजर चुकवत होते. त्यांना ती बहिरीच हवी होती. मलाही हवी होती की काय?

शेवटी सुनेने पायांत चपला सरकवल्या.

"चांगलं ऐकू येतं," ती कारकुनाला म्हणाली. "लग्न होऊन आल्यापासून मी सासूबाईंना शिव्या घालतेय. काल ह्यांनी एकेक म्हणून दाखवली. एकही चुकली नाही."

"उदाहरणार्थ?"

"आधी ह्यांना बाहेर बसवा."

"आता बसवून काय उपयोग?" मावशी म्हणाली.

कारकुनाने हसू दाबलं आणि माझ्याकडे पाहिलं. "तुम्हाला कसं कळलं?"

"मी हिला एक गोष्ट सांगितली होती. फक्त हिला. काल हिने त्यावर उत्तर दिलं."

"कोणती गोष्ट?"

दार उघडं होतं. बाहेर बाकावर माणसं बसली होती, त्यांत शिंपीही होता. मावशी खुर्चीतून उठली. "चल गं. दुसरं कोणी मिळतं का बघू."

दुसरं कोणी नव्हतं. तिलाही ते माहीत होतं.

मी ती गोष्ट सांगितली. माझाच आवाज मला लांबून आल्यासारखा वाटला.

मग कारकुनाने धाकटीचं नाव विचारलं. मावशीने सांगितलं. तिच्या त्याच जुन्या, बहिऱ्या आवाजात, ओरडून. बाहेरच्या बाकावरचे सगळे वळले.