डावं पुढचं चाक

लग्नाआधी मी लातूरला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला होता. लग्न होऊन लोहाऱ्यात आले आणि तो कागद कपाटात साड्यांच्या घड्यांखाली गेला. नवऱ्याचं खत-बियाण्यांचं दुकान आहे. मी सकाळी दोन तास एका क्लासमध्ये पोरींना टायपिंग शिकवते. घरात मिक्सर बंद पडला, मोटारीचा स्टार्टर जळाला, की मीच उघडून बसते. त्याचं कुणाला कौतुक नव्हतं, पण कुणाची तक्रारही नव्हती.

नवऱ्यानं पुण्याहून एक जुनी गाडी आणली. आठ दिवसांत स्टेअरिंगसमोर, वेगाच्या काट्याशेजारी, टायरच्या हवेचा पिवळा दिवा लागला, तो विझेचना. चारही चाकांत हवा बरोबर होती. टायरवाल्यानं चाक उतरवून आत बघितलं. व्हॉल्व्हच्या बुडाशी काडेपेटीएवढा काळा सेन्सर होता.

"ह्याच्यातला सेल मेलाय," तो म्हणाला. "नवीन बसवता येतंय, पण ते गाडीला वळखायला लावायचं मशीन आपल्याकडं न्हाय. सोलापूरला जावा."

नवऱ्याला दुकान सोडून सोलापूरला जायचं नव्हतं. मी म्हटलं, बघते.

गोष्ट तशी अवघड नाही. प्रत्येक सेन्सरला स्वतःचा एक नंबर असतो. तो आपला नंबर आणि चाकातली हवा रेडिओवरून गाडीला कळवत राहतो. कुठला नंबर कुठल्या चाकाचा, हे गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये लिहिलेलं असतं. नवा सेन्सर बसवला की नवा नंबर लिहायचा, एवढंच. पण एकाचा सेल गेला म्हणजे बाकीचेही जाणार, म्हणून मी चारही चाकांसाठी ऑनलाइन मागवलेल्या स्वस्त सेन्सरांवर नंबर छापलेलेच नव्हते. ते ऐकूनच काढायला हवे होते, आणि हवेचा दाब मिळाल्याशिवाय हे सेन्सर जागे होत नाहीत.

बोअरच्या पाइपचा एक तुकडा परसात पडला होता. त्याच्या एका तोंडाला झाकण चिकटवलं, दुसऱ्या तोंडाला फिरवून बसणारं आट्यांचं झाकण लावलं आणि त्यात सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवला. सेन्सर आत ठेवला आणि सायकलच्या पंपानं हवा मारली. लॅपटॉपला टीव्ही बघायचा जुना डोंगल जोडला होता. त्यावर असे सिग्नल ऐकता येतात, हे मी दोन रविवार वाचून काढलं होतं. पंपाच्या विसाव्या-बाविसाव्या दाबाला पडद्यावर आकडे आणि अक्षरं मिळून एक ओळ उमटली. मी स्वयंपाकघराच्या फरशीवर एकटीच हसत बसले. किती वर्षांनी असं हसले होते, आठवत नाही.

चारही नंबर वहीत लिहिले. टायरवाल्यानं सेन्सर बसवले. मग स्टेअरिंगखाली एक वायर लावून लॅपटॉपवरून ते नंबर गाडीत चढवले. नवरा गावाबाहेर एक चक्कर मारून आला.

"विझला," तो म्हणाला. "चहा टाक."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा डबा घेऊन दुकानात गेले, तर तो चार जणांना सांगत होता, "सोलापूरला कशाला जायचं? डोकं लावलं थोडं. घरीच बसून केलं." मी डबा गल्ल्याशेजारी ठेवला. त्यानं माझ्याकडं बघितलं, पण वाक्य काही बदललं नाही.

मग त्याच्या ओळखीचे लोक गाड्या घेऊन यायला लागले. पैशाचं काही नव्हतं, त्याला नाव हवं होतं. पाहुणे ओसरीत बसायचे, तो लॅपटॉप मांडीवर घेऊन बसायचा आणि मी आतून दाराच्या आड उभी राहून हळू आवाजात सांगायची. "आता दुसरं बटण. नाही, त्याच्या खालचं." पाहुण्यांना वाटायचं, वहिनी चहाचं विचारतायत. एकदा एक जण म्हणालाही, "वहिनी, साखर कमी टाका." नवरा हसला. मी खरोखरच साखर कमी टाकली.

हे मी का चालवून घेतलं, असं आता मलाच विचारावंसं वाटतं. काम व्हायचं ते मला आवडायचं. पाइपात हवा मारून नंबर उमटायची वाट बघणं, यापेक्षा बरं माझ्या दिवसात दुसरं काही नव्हतं. तेवढ्यासाठी मी दाराआड उभी राहिले.

पुढं त्यालाच दाराकडं कान लावायचा कंटाळा आला. म्हणाला, सगळं कागदावर लिहून दे. मी दिलं. खाली दोन रेघा मारून लिहिलं, की सेन्सर एकेक करूनच ऐकायचा, आणि कुठल्या चाकात कुठला नंबर गेला ते लगेच टिपायचं.

त्याच्या एका मित्राची गाडी त्यानं अशीच एकट्यानं केली. मी क्लासला होते. परत आले तर तो खुशीत होता. "तुझ्याबिगर झालं बघ," म्हणाला. मी वही बघितली नाही. बघायला हवी होती.

महिनाभरानं तो मित्र आपल्या आईला घेऊन माकणीला लेकीकडं निघाला होता. निघतानाच दिवा लागला आणि गाडीच्या पडद्यावर दिसलं, डाव्या पुढच्या चाकात हवा कमी. त्यानं गाडी थांबवून त्या चाकात हवा भरली. दिवा तसाच. पुढं आणखी एकदा भरली. खरं तर मागचं उजवं चाक बसत चाललं होतं. तिकडं बघायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही, कारण गाडी स्पष्ट दुसरंच चाक दाखवत होती. भर रस्त्यात ते टायर फाटलं. गाडी खाली शेतात उतरली. मागं बसलेल्या म्हातारीचा हात मोडला.

मित्र संध्याकाळी आमच्या ओसरीत आला. चिडलेला होता, पण आवाज चढवला नाही. "दादा, टायरवाला म्हणतो दोन चाकांचे नंबर उलटे पडलेत. असं कसं झालं?"

मी दारात उभी होते. नवऱ्यानं माझ्याकडं वळून विचारलं, "अगं, त्या दिवशी नंबर तूच लिहिले होतेस ना?"

सासूबाई तिथंच होत्या. मित्र माझ्याकडं बघत होता. इतके दिवस ज्या ओसरीत माझा हात कधी दिसला नव्हता, तिथं तो पहिल्यांदा दिसला. वही आत फळीवर होती. त्या दिवसाच्या पानावर त्याचंच अक्षर होतं. दोन पावलं आत जाऊन ती आणायची, एवढंच होतं. मी गेले नाही. त्यानं माझं गप्प राहणं हो म्हणून घेतलं.

"बायामाणसाच्या हातनं होतंय कधी," तो मित्राला म्हणाला. "मी बघायला पायजे होतं."

दुसऱ्या दिवशी क्लास बुडवून मी एकटीच मित्राच्या घरी गेले. गाडी परत आणून अंगणात लावली होती. वायर जोडली, दोन नंबर जागच्या जागी केले. पाच मिनिटांचं काम. मित्र लांब उभा राहून बघत होता. माझे हात किती सराईत फिरतात ते त्याला दिसलं असणार.

मग आत त्याच्या आईला, अव्वांना, भेटायला गेले. त्या कॉटवर बसल्या होत्या, हात प्लॅस्टरात गळ्याला टांगलेला. मी पाया पडले आणि शेजारी बसले. त्यांच्यापुढं मात्र मला राहवलं नाही.

"अव्वा, ते नंबर मी लिहिले नव्हते. मी घरीच नव्हते त्या दिवशी."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. त्यांना खोटं वाटलं नाही, हे मला कळलं.

"ठावं हाय मला," त्या म्हणाल्या. "तुझा नवरा काय करतो न् तू काय करतीस, बायांना सगळं ठावं असतंय."

माझे डोळे भरून आले. त्यांनी चांगला हात माझ्या गुडघ्यावर ठेवला.

"होगली बिडू," त्या कानडीत म्हणाल्या. जाऊ दे, सोड. "पर हे बाहीर बोलू नगं. त्याला दुकान चालवायचंय. पुरुषाचं नाव गेलं की घर उघडं पडतंय. तुझं काय जातंय?"

मी मान डोलावली. त्यांच्या सुनेनं चहा आणला होता, तो घेतला आणि घरी आले. आजही लोहाऱ्यात कुणाला विचाराल, तर त्या अपघाताला माझा हात कारण आहे, असंच सांगतील. ज्या गाड्या नीट चालल्यात, त्या नवऱ्यानं केल्या आहेत.