डाव्या पोटरीची गाठ

मुलगी मेडिकलच्या परीक्षेची दुसऱ्यांदा तयारी करत होती, तेव्हा मी मुखेड सोडून तिच्यासोबत लातूरला येऊन राहिले. नवरा तिकडच्याच एका जिल्हा परिषद शाळेत मास्तर, तो तिकडंच राहिला. आम्ही क्लासेसच्या भागात वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या घेतल्या. त्या गल्लीत तेव्हा प्रत्येक घराच्या गच्चीवर आणखी एक मजला चढत होता, आणि प्रत्येक मजल्यावर कुणाची तरी पोर मान खाली घालून बसलेली होती.

घरमालकीण औशाकडच्या एका खेड्यातली होती. मी तिला मावशी म्हणायचे. भूकंपात तिचं घर गेलं, सासू आणि धाकटी नणंद गेली. पुढं लातुरात तिच्या मुलानं हे चांगलं स्लॅबचं घर बांधलं, पण ती कधी आत झोपली नाही. अंगणात पत्र्याचं शेड टाकून तिथं बाज ठेवली होती. "पत्रा पडला तर उचलता येतो," एवढंच म्हणायची.

मुलगी सकाळी क्लासला जायची, तिथून अभ्यासिकेत. अभ्यासिका म्हणजे प्लायवूडचे खण केलेला एक लांब हॉल. त्या खणात बसलं की शेजारचं माणूस दिसत नाही, फक्त पानं उलटल्याचा आवाज येतो. मी एकदा डबा द्यायला गेले होते. इतकी माणसं आणि इतकं गप्प, असं मी फक्त दवाखान्यातच पाहिलं होतं. पोरी पाणीसुद्धा जपून प्यायच्या. बाथरूम एकच, खाली जिन्याशी, आणि उठलं की वेळ जातो. मुलीची बाटली सकाळी भरून द्यायचे, ती संध्याकाळी जवळजवळ तशीच परत यायची.

दिवाळीनंतर तिची मान आणि खांदे धरायला लागले. हात लावला की दगडासारखे लागायचे. मलम झालं, गरम पाण्याची पिशवी झाली. मग ती म्हणाली, "मम्मी, सगळ्या पोरी रोलर वापरायल्यात. आपण पण घेऊ."

गंजगोलाईच्या बाजूला खेळाच्या सामानाचं एक दुकान होतं. बॅटी आणि फुटबॉल मागं ढकलून दुकानदारानं पुढच्या फळीवर रोलर मांडले होते, अंगाखाली घेऊन फिरवायचे फोमचे गोल ओंडके, काळे, निळे, काही गुळगुळीत, काहींवर बोटाएवढे उंचवटे. शेजारी टोपलीत बॉल. मला ते सगळं लाटणं आणि खेळणं यांच्या मधलं काहीतरी वाटलं.

"कुठं दुखायलंय?" दुकानदारानं विचारलं.

"खांदे, पाठ. आणि कधी कधी पोटरी," मुलगी म्हणाली. पोटरीचं मी पहिल्यांदाच ऐकलं.

त्यानं एकेक रोलर आमच्या हातात दिला. "अंगठ्यानं दाबून बघा ताई. अंगठा थोडा आत गेला पाहिजे. हा काळा बघा, दबतच न्हाई. हा पैलवान पोरं नेतात. नवीन माणसानं मऊ घ्यावा. उंचवट्यावाला तर आधी घेऊच नका, अंगावर निळं पडतं." लांब रोलर पाठीला बरा, आखूड नुसत्या पायाला, असंही त्यानं सांगितलं. बॉलमध्ये टेनिसचा सगळ्यात मऊ, रबरी भरीव सगळ्यात कडक. दोन बॉल शेंगेतल्या दाण्यांसारखे जोडलेलाही एक होता. तो पाठीसाठी. मणका मधल्या खाचेत राहतो आणि दाब दोन्ही बाजूंच्या मांसावर येतो.

"हाडावर फिरवायचं न्हाई, मानेवर न्हाई. सोसवंल एवढंच दाबा. गाठ हळूहळू मोकळी होते," तो म्हणाला.

आम्ही लांब, मध्यम मऊ, गुळगुळीत रोलर घेतला, तो जोडबॉल घेतला आणि मुलीच्या हट्टासाठी एक कडक रबरी बॉल. घरी येऊन तिनं जोडबॉल भिंतीला लावून पाठ टेकवली, आणि तिच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी सैलपणा आला. मीही करून पाहिलं. खरंच बरं वाटायचं. संध्याकाळी स्वयंपाकाआधी आम्ही दोघी खालीवर होत राहायचो आणि हसायचो. खांदे सुटले. मला वाटलं, संपलं.

पोटरी मात्र सुटेना. डावीच. "गाठ आलीय," म्हणायची आणि तो कडक बॉल खाली घेऊन पाय त्यावर दाबायची. दाबताना दात घट्ट धरायची. मी म्हटलं, इतकं कशाला. ती म्हणाली, "दुखलं म्हणजे बरोबर जागा सापडली. पोरी तसंच सांगतात." चार-आठ दिवस असेच गेले. अभ्यासिकेतून येताना ती जिन्यात मध्येच थांबायची, कठडा धरून. विचारलं की म्हणायची, पाय भरून आलाय. सगळ्यांचेच पाय भरून यायचे तिथं.

एका सकाळी ती क्लासला निघाली. मावशी अंगणात तूर निवडत बसली होती. मुलगी जिन्यावरून आडवी, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकत उतरली. मावशीनं सूप खाली ठेवलं.

"इकडं ये गं. पाय दाव."

मुलीनं सलवार वर केली. दोन्ही पाय मी शेजारी शेजारी पाहिले. डावी पोटरी उजवीपेक्षा उघड उघड जाड होती. कातडी ताणलेली, चकचकीत. हात लावला तर गरम. मावशीनं बोटानं दाबलं, तिथं खळगा राहिला.

"काही न्हाई मावशी, मसल आखडलाय. रोलर करायलेय मी," मुलगी म्हणाली.

मावशी तिच्याशी बोललीच नाही. माझ्याकडं बघून म्हणाली, "आमच्या गावात मोठ्या भूकंपाच्या आधी कितीतरी महिने जमीन गुरगुरायची. भांडी वाजायची. आधी आम्ही पळत बाहेर यायचो. मग सवय झाली. भांडी वाजली तरी कूस बदलून झोपायचो." मग म्हणाली, "आज क्लास राहू दे. दवाखान्यात जा. चालवत नेऊ नका, रिक्षा बोलवा."

मुलगी रिक्षात चिडून बसली होती, तिची टेस्ट बुडणार होती. डॉक्टरबाईंनी पाय पाहिला आणि चेहरा न बदलता लगेच पायाची सोनोग्राफी करायला पाठवलं. परत आल्यावर विचारलं, "किती वेळ बसतेस? पाणी पितेस का? काही गोळ्या चालू आहेत का?"

मुलगी खाली बघून म्हणाली, "पाळी पुढं ढकलायच्या. टेस्टच्या वेळी त्रास नको म्हणून मैत्रिणीनं दिल्या होत्या. नंतर पाळी वेळेवर यायला लागली म्हणून मेडिकलमधून आणत राहिले."

मला हे काहीच माहीत नव्हतं.

"ही स्नायूची गाठ नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "शिरेत रक्ताची गुठळी झालीय. तासन्‌तास बसणं, पाणी कमी आणि वर त्या गोळ्या, यानं रक्त गोठतं. आता तिथं बोटसुद्धा लावायचं नाही. सुटून वर गेली तर फुफ्फुसात जाते."

तेव्हा मुलगी अगदी हळू म्हणाली, "मम्मी, कालपासून खोल श्वास घेतला की इथं टोचायलंय." आणि तिनं बरगडीवर हात ठेवला.

त्यानंतर खोलीतलं सगळं भराभर हलायला लागलं. नर्सनं चाकाची खुर्ची आणली. छातीचा स्कॅन झाला. एक बारीक तुकडा आधीच वर पोचला होता. मी बाहेर बाकावर बसून नवऱ्याला फोन लावला आणि दवाखान्याचं नाव तेवढं सांगितलं. तो मिळेल त्या एसटीनं निघाला, आणि मी काचेच्या दारातून मुलीची छाती वरखाली होते का, ते बघत राहिले. पडदा ओढला की ते दिसेनासं व्हायचं. पडदा ओढलेला असायचा तेवढा वेळ मला अजून आठवतो.

ती वाचली. पोटात इंजेक्शनं घेतली, मग रक्त पातळ राहण्याच्या गोळ्या कित्येक महिने. त्या गोळ्यांत जरा कुठं आपटलं की निळं पडायचं. ती चालताना मी टेबलाचे कोपरे हातानं झाकायचे. नवरा म्हणाला, "परीक्षा राहू दे." तिनं ऐकलं नाही. मधे मधे उठून चालायची परवानगी काढून तिनं परीक्षा दिली. नंबर लागला नाही. निकाल पाहून ती थोडा वेळ रडली आणि मग म्हणाली, "आता झोपू का मी?" ती दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झोपली. मी दोनदा जाऊन नाकापाशी हात धरून आले. पुढं तिनं नांदेडला बीएस्सीला प्रवेश घेतला.

आम्ही खोल्या सोडत होतो त्या दिवशी हिमायतनगरकडची एक बाई मुलीला घेऊन खोल्या बघायला आली. मुलगी दहावी झालेली, बारीकशी. बाईनं विचारलं, "इथं अभ्यास चांगला होतो का?"

मी म्हटलं, "होतो. पण तिला मधून मधून उठवत जा. पाणी पितेय का बघा. काही गोळ्या घेत असली तर तुम्हाला सांगू द्या, रागावू नका. आणि एकच पाय दुखायला लागला तर दोन्ही पाय शेजारी ठेवून बघा."

आमचा नंबर लागला नाही, हे तिला खाली मावशीकडून कळलं असावं. जिची मुलगी पास झाली नाही अशी बाई, असंच तिच्या नजरेत होतं. मग मान हलवून ती "हाव" म्हणाली आणि मुलीचं टेबल कुठल्या भिंतीला बसेल ते वितीनं मोजायला लागली.