दाऊदबाबांना पोहता येत नव्हतं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आता तुमच्यापाशी बोलतो — एका दमात जमेल असं वाटत नाही.

निजामाचं राज्य होतं. हिंगोलीपासून थोडं आत, कयाधूच्या काठी आमची ख्रिस्ती मंडळी राहायची. पंधरा-वीस घरं, पत्र्याचं प्रार्थनामंदिर आणि चार इयत्तांची शाळा. त्या शाळेचा मास्तर मी. आमचे पाळक दाऊदबाबा. उपदेश करता करता त्यांना हसू यायचं, आणि मग सगळं मंदिर हसायचं. देवाच्या घरात हसायला मी त्यांच्याकडूनच शिकलो. आणि रूथबाई — विधवा, पन्नाशीला टेकलेली. गावोगाव फिरून येशूच्या गोष्टी सांगायची, बाळंतपणं करायची. अक्षर एक येत नव्हतं, पण शुभवर्तमानं तोंडपाठ.

बाबा खाटेला खिळले तेव्हा वरिष्ठांनी मला त्यांचं चरित्र लिहायला सांगितलं. महिनाभर रोज त्यांच्या उशाशी बसलो. तसा सुखाचा महिना पुन्हा माझ्या वाट्याला आला नाही. ते सांगायचे, मी लिहायचो, आणि मधेच दोघंही हसत सुटायचो.

एके दिवशी पटकीच्या साथीची गोष्ट निघाली. त्याआधी दोन वर्षं नदीपलीकडच्या बंजाऱ्यांच्या तांड्यात पटकी शिरली होती. कयाधूला पूर, होडी वाहून गेलेली. विहिरीत टाकायचं लाल औषध अलीकडच्या काठावर पडून. बाबा तापानं फणफणलेले. शेवटी रूथबाईनं दोन वाळके भोपळे कमरेला बांधले, औषधाचं पुडकं मेणकापडात गुंडाळून डोक्यावर आवळलं आणि पाण्यात उतरली.

आठ दिवसांनी, पाणी ओसरल्यावर, ती परत आली. तांड्यातली साथ थांबली होती. बायांनी तिला आरशांची ओढणी बळंच पांघरली होती, आणि ती तशीच झगमगत गावात शिरली. विहिरीचं पाणी जांभळं झालेलं बघून तिथली लेकरं कशी नाचली, ते तिनं रस्त्यातच नाचून दाखवलं. आख्खी वस्ती हसत होती. बाबा तर घोंगडी पांघरून दारात आले होते, ती नक्कल बघायला.

ही गोष्ट सांगून बाबा म्हणाले, “मास्तर, हे लिवा. पर हे रूथबाईचं काम हाय, माझं न्हाई. बराबर तिच्या नावानं लिवा.”

“व्हय बाबा,” मी म्हणालो.

पंधरा दिवसांनी बाबा गेले. आणि मी काय लिहिलं? — दाऊदबाबा पाण्यात शिरले. भोपळे बाबांच्या कमरेला, पुडकं बाबांच्या डोक्यावर. ओढणीची मी शाल केली.

का केलं? मोठ्या माणसाचं चरित्र मोठं दिसावं म्हणून, असं मी मनाला सांगत आलो. ते खरं नाही. खरं असं — त्या दिवशी काठावर रूथबाईनं आधी मला विचारलं होतं. “मास्तर, तुमी जाता का? तुमाला पवता येतं.” येत होतंच. कयाधूतच मी लहानाचा मोठा झालो. मी म्हणालो, माझ्याही अंगात ताप आहे. ताप नव्हता. पटकीची भीती होती. पुस्तकात बाई नदीत उतरली असती, तर कुणीतरी विचारलंच असतं ना — मग मास्तर कुठं होते? बाबा उतरले की कुणी काही विचारत नाही.

नाताळाला पुस्तक छापून आलं. वसमतला सगळ्या मंडळ्या जमल्या होत्या, तिथं मी ते पान वाचलं. बाया डोळे पुसत होत्या. आमच्या वस्तीतल्यांना खरं ठाऊक होतं, पण गेलेल्या बाबांचा मान म्हणून कुणी बोललं नाही. रूथबाई माझ्याजवळ आली, तोंडाला पदर लावून हसत म्हणाली, “लई गोड लिवलं मास्तर. पर बाबाला पवता येत न्हवतं की.” आणि लेकरांना लाडू वाटायला गेली.

पुस्तक पुन्हा छापलं गेलं. छपाईआधीचे कागद माझ्याकडेच आले. मी स्वल्पविराम सुधारले.

पुढल्या उन्हाळ्यात ती म्हणाली, मला वाचाया शिकवा. रोज सकाळी, शाळा भरायच्या आधी, पाटी घेऊन बसायची. नवं अक्षर जमलं की स्वतःच टाळी वाजवायची. शिकवण्याचं इतकं सुख मला कुठल्याच पोरानं दिलं नाही. दिवाळीच्या सुमारास तिनं बाबांचं पुस्तक मागितलं आणि नेमकं तेच पान काढलं. अक्षरावर बोट ठेवत वाचू लागली — “बा-बा पा-ण्या-त शि-र-ले.” भोपळे आले तेव्हा खुदकन हसली. शेवटच्या ओळी तर न अडखळता वाचल्या. मान वर केली तेव्हा तिचा चेहरा आनंदानं फुलून आला होता.

“मास्तर, मला वाचता आलं.”

खोलीत आम्ही दोघंच होतो. शाळा भरायला अवकाश होता. मला ताप नव्हता, आणि बाबांनी तिच्याच नावानं लिहायला सांगितलं होतं — एवढं सांगायला कितीसा वेळ लागला असता?

“शाबास, रूथबाई,” मी म्हणालो.

त्यानंतर ती पुष्कळ वर्षं जगली, रोज भेटली. मी तिला सांगितलं नाही.