चपट्या देठांची रोपं

धाकू परब अंधेरीच्या एका संशोधन संस्थेत माळी म्हणून लागला, तेव्हा त्याला वाटलं होतं, गेटाजवळची जास्वंद सांभाळायची. पण त्याला नेऊन उभं केलं ते एका बंद, थंड खोलीत. फळ्यांवर इवल्या कुंड्या आणि त्यांत मोहरीच्या जातीची नाजूक रोपं. सव्वीस वर्षं त्याने तीच वाढवली.

तीन वर्षांपूर्वी ऋता पीएचडीला आली. तिच्या रोपांचे देठ कुणी चिमटीत दाबल्यासारखे चपटे, पानं वेडीवाकडी. दर पिढीला ती आणखी खुजी होत चालली, बीही कमी धरू लागली.

"ह्यांका काय झालां गो बाय?" धाकूने एकदा विचारलंच.

"काका, पेशी वाढताना आतल्या डीएनएची नक्कल होते. लांबच लांब धागाच तो. नवा धागा झाला रे झाला की बारीक रिळांवर गुंडाळायला लागतो. ती रिळं आणून देणारं एक प्रथिन असतं. या रोपांत ते नाहीये ना."

धाकू म्हणाला, "म्हणजे पोर जन्माक इलां, पण दुपट्यात घेणारी सुईणच नाय."

त्याच्या डोळ्यांपुढे त्याचा मुलगा अनिरुद्ध होता. सातव्या महिन्यातच झालेला. कमलने, धाकूच्या बायकोने, कापसात गुंडाळून, उराशी धरून जगवलेला. आता चारकोपला गॅरेज चालवतो.

पाचव्या पिढीला रोपं जेमतेम उभी राहिली. ऋताचे मार्गदर्शक श्यामकांत सर म्हणाले, "बीच मिळत नसेल तर थांबवू या."

"वाट लागली, काका," ऋता एवढंच बोलली.

धाकू कामाला लागला. त्याने बटर पेपरच्या पिशव्या चिकटवून एकेका देठावर चढवल्या, एकही बी खाली पडू नये म्हणून. पाणी ड्रॉपरने घातलं. महिन्याने चिमूटभर बी हाती आलं. पेरलं, तर नऊ रोपं उगवली.

त्या नऊ रोपांत ऋताला ते हरवलेलं प्रथिन परत आणायचं होतं. त्यासाठी त्याचं जनुक घातलेल्या द्रावणात फुलं बुडवावी लागत. कुंड्या उलट्या धरायचं काम धाकूने आपल्याकडे घेतलं. त्यांच्या बियांतून आलेल्या रोपांत फारसा फरक दिसला नाही. ऋता हिरमुसली. धाकू मात्र पाणी घालत राहिला.

त्यापुढच्या पिढीत तीन रोपं सरळ वाढली. सगळी नव्हे, तीनच. धाकूने देठ चिमटीत फिरवून पाहिला आणि दारातूनच हाक मारली, "ऋता बाय, गोल आसा गो!"

शनिवारी तो कमलला घेऊन आला. ऋताने कुंडी उजेडाला धरली.

"एवढुशासाठी तीन वर्षां?" कमल म्हणाली. मग वाकली, बराच वेळ बघत राहिली, आणि हळूच म्हणाली, "हात लावू?"

"लावा ना, काकू," ऋता म्हणाली.