फरारी शिपायाचे बूट

दर ऑक्टोबरात मी सैन्यातून पळून जातो. अमेरिकेतल्या आमच्या कॅरी गावापासून तासाभरावरच्या एका मैदानात अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाचा खेळ रंगतो, हौशी मंडळी जुने गणवेश घालून लढतात. मला पहिल्याच वर्षी फरारी शिपायाचं काम मिळालं, ते कायमचं चिकटलं. आठवडाभर कोड लिहिणाऱ्याला जीव खाऊन पळायला मिळतं, याचंच मला अप्रूप!

आमच्या कप्तानाचं म्हणणं, खरे फरारी बहुतेक घरीच सापडायचे. पगार थकलेला, शेतात पीक उभं, बायको एकटी. माणूस जाणार कुठे? म्हणून मीही मैदानाच्या कडेच्या लाकडी घरात लपायचो आणि दरवर्षी सापडायचो. खेळ संपल्याचा नगारा वाजेपर्यंत टिकलो, तर संध्याकाळची तोफ डागायचा मान माझा, नाहीतर पकडणाऱ्याचा. ती तोफ मला एकदा तरी डागायचीच होती.

यंदा शोधपथकात माझी लेक होती. इथेच जन्मलेली, मराठीत विचारलं तर इंग्रजीत उत्तर देणारी. तोफेवर तिचाही डोळा होता.

मी धावत घरात शिरलो आणि पिंपामागे दबा धरून बसलो. फटीतून पाहिलं, तर शिपाई घरावरून पुढे निघालेले. जिंकलोच म्हणायचं! तेवढ्यात लेक थबकली. उंबऱ्याबाहेर माझे बूट होते, जोडीने नीट लावलेले. इतक्या घाईतही मी ते काढले होते! बाकीच्यांना ते त्या जुन्या घराच्या देखाव्यातलेच वाटले. पण दाराबाहेर बूट म्हणजे बाबा आत, हे तिला लहानपणापासून ठाऊक.

मागची खिडकी उघडी होती. पळायला वेळही होता, कारण बाईसाहेब पायरीवर बसून स्वतःच्या बुटांच्या लांबलचक नाड्या सोडत होत्या. बंदूक मांडीवर आडवी. निघाली अटक करायला, पण घरात बूट घालून शिरणार नाही! हे मी तिला कधी शिकवलं, आठवेना. इतका आनंद झाला, की मी जागचा हललोच नाही.

ती मोज्यांवर आत आली, माझा हात धरला.

"बाबा, यू आर अंडर अरेस्ट." मग खिडकीकडे पाहून हळूच म्हणाली, "तू पळाला का नाहीस?"

मी दाराबाहेरच्या बुटांच्या दोन जोड्यांकडे बोट दाखवलं. संध्याकाळी तोफ तिने डागली आणि सगळ्यांत जोरात मी ओरडलो.