डिकीतले आबा

आबांना गाडी दाखवायची म्हणजे आधी आबांना डिकीत कोंबायचं. डॅशबोर्ड कुरकुरतो, दारातून कटकट येते, असं सांगायला तोंड उघडलं की ते हात वर करीत. "तू उगी रव. गाडीक उलवंक दी." मग गाडीचं बोलणं ऐकायला डिकीत आडवे होऊन वरची फळी लावून घेत आणि आपण डिचोलीच्या खाणीकडच्या खड्ड्यांतून गाडी हाणायची. परत आल्यावर ते बोट ठेवीत तिथे सुटलेली क्लिप असेच. धारगळच्या आपल्या दुरुस्तीच्या शेडमध्ये बसून पेडण्याच्या बाजारात कुणाची काच सैल आहे, हे त्यांना ऐकू येई. शपथ घ्यायला सांगाल तर अर्धी घेतो.

गोम अशी, की डिकीत माणूस आहे हे लोक विसरत. नवराबायको भांडत, सासवांचा उद्धार होई. आबा सगळं गिळून बाहेर येत.

एकदा त्यांचा चुलतभाऊ नवी गाडी घेऊन आला. गाव त्याला पात्रांव म्हणे, कारण शेडखालच्या जमिनीसकट निम्मं धारगळ त्याच्या नावावर. आबा डिकीत शिरले आणि पहिल्याच खड्ड्यात तो फोनवर कुणाला तरी म्हणाला, "आबाची शेड पावसाआदी मोडतंय. जागा मांद्र्याच्या गेस्टहाऊसवाल्याक दितंय. आबाक अजून खबर नाय."

आबांनी उतरून क्लिप बसवली, छताचं कापडही जरा चापून दिलं. गाडी मांजरासारखी गप्प. चार दिवसांनी गाडीत कुठेतरी खुळखुळ सुरू झाली. वळणावर कानाशी, ब्रेक दाबला की कपाळावर. पात्रांव म्हापसा, पणजी, बेळगाव करून आला. सीटा उपटल्या, दारं सोलली. गेस्टहाऊसवाला गाडीत बसला आणि म्हणाला, "साहेब, तुमच्या डोक्यात काही हलतंय का?"

शेवटी स्वारी शेडपुढे. "आबा, काढ रे ता. झोप नाय माका."

आबा चहात उंडा पाव बुडवत होते. "काढतंय. पण शेड मोडलंस तर काढूक बसू खंय?"

शेड राहिली. आबा चतुर्थीला गाडी गप्प करीत आणि शिमग्यापर्यंत ती पुन्हा बोलू लागे. छताच्या कापडावर सुकी काजूबी आहे, हे त्यांनी मला एकट्याला सांगितलं होतं. "आता तरी त्याला माफ करा," मी म्हटलं. "तेणां माफी मागूक नाय," म्हणाले.

आबा गेले तेव्हा सर्वांत मोठ्याने पात्रांव रडला. लोक गहिवरले. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी त्याने शेड मोडली.

परवा त्याने मला हायवेवर गाडीत घेतलं. छतात बी मजेत फिरत होती. "तू आबाच्या जवळचो," तो काकुळतीने म्हणाला, "ह्या काय वाजता, सांग मरे."

मी पाय लांब केले.

"पात्रांव, उगी रव. गाडीक उलवंक दी."